पत्र्याच्या कूलरचे आठ उन्हाळे

नागपूरच्या आमच्या घरी उत्तरेकडच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला पत्र्याचा कूलर आम्ही एप्रिल २०१७ मध्ये घेतला आणि २०२४ च्या जूनपर्यंत त्याचे आठ उन्हाळे पूर्ण झाले. एखाद्या वस्तूविषयी बोलायला एवढा काळ पुरेसा आहे असे मला वाटते. दरवर्षी मार्च उजाडला की ओळखीतले कोणी ना कोणी विचारते की कूलर कोणता घ्यावा, आणि उत्तरादाखल त्यांना कंपनी, हवेचा झोत आणि टाकीची क्षमता ऐकायला मिळते. तुमच्या गावात, तुमच्या महिन्यात हवा किती कोरडी असते हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, आणि दुकानदार तर तो कधीच विचारत नाही. माझ्या अनुभवात कूलरच्या गुणदोषांचा निम्म्याहून अधिक हिशेब याच एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो, म्हणून हे परीक्षण मी नागपूरच्या कूलरबरोबरच डोंबिवलीत घेतलेल्या आणि फसलेल्या दुसऱ्या एका कूलरचाही विचार करून लिहीत आहे.

आधी वस्तूचे वर्णन करते. हा कूलर कोणत्याही कंपनीचा नाही. महाल भागातल्या एका कारागिराने तो आमच्या खिडकीचे माप घेऊन बनवून दिला. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, अठरा इंची पंखा, तीन बाजूंना उघडणाऱ्या जाळीच्या चौकटी, त्यांत लाकडाच्या बारीक सालपटांच्या ताट्या, तळाशी साधारण ८० लिटरची टाकी आणि त्या टाकीत बुडालेला छोटा पंप, एवढाच त्याचा संसार. त्या वेळी त्याची किंमत साडेपाच हजार रुपये पडली, स्टँडचे वेगळे द्यावे लागले. रिमोट नाही, दिवे नाहीत, चाके नाहीत. दोन बटणे आहेत, एक पंख्याचे आणि एक पंपाचे, आणि ती वेगवेगळी असणे किती महत्त्वाचे आहे हे पुढे येईलच.

नागपूरच्या उन्हाळ्याची ओळख करून देण्याची गरज नाही, तरी एक आकडा नोंदवते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले होते. त्या आठवड्यात मी माहेरीच होते. दुपारी बारानंतर घराच्या भिंतीला आतून हात लावला तरी चटका बसत असे आणि पंख्याखाली बसणे म्हणजे भट्टीच्या तोंडाशी बसण्यासारखे होते. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावर, २५ मेच्या सुमारास सुरू होणारा नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, विदर्भात लोक श्वास रोखून मोजतात. चाळिशीच्या पुढच्या कोरड्या हवेत नुसता पंखा ताप वाढवतो, कारण तो अंगाहून अधिक तापलेली हवा अंगावर फेकत असतो. आमचे आजोबा ज्या कचेरीत काम करत, तिथे दारे-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारायला खास माणूस नेमलेला असे. कूलर म्हणजे तीच ताटी, पाणी मारणाऱ्या माणसाच्या जागी पंप आणि वाऱ्याच्या जागी पंखा बसवलेली.

या यंत्राचे सगळे बळ एका साध्या गोष्टीत आहे. पाण्याची वाफ होताना ते आसपासची उष्णता ओढून घेते आणि ही उष्णता थोडीथोडकी नसते. एक लिटर पाणी वाफ होऊन उडाले की हवेतून सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. तासाला पाच-सव्वापाच लिटर पाणी उडणे म्हणजे हिशेबाने एक टनाच्या एसीच्या तासाभराच्या कामाएवढे आहे. आमचा कूलर मेच्या दुपारी तासाला पंधरा लिटरांच्या आसपास पाणी पितो. ती सगळी थंडाई खोलीला मिळत नाही, कारण आत आलेली हवा दुसऱ्या खिडकीने बाहेर सोडावीच लागते, तरीही साडेपाच हजारांच्या पत्र्याच्या पेटीकडून एवढे काम होते याचे मला आजही नवल वाटते.

मात्र हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर पाण्याची वाफ होणार कुठे? म्हणून कूलरची मर्यादा साध्या तापमापकाने कळत नाही, त्यासाठी दोन पारे लागतात. मी २०१९ च्या उन्हाळ्यात दोन सारखे तापमापक आणले, एकाच्या फुग्यावर मलमलची ओली चिंधी गुंडाळली आणि दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात पाच मिनिटे धरले. चिंधीतले पाणी उडत असल्यामुळे ओला पारा उतरतो आणि जिथे थांबतो तिथवरच कूलरची धाव असते. त्याच्याखाली कोणताही कूलर, कितीही महाग असला तरी, हवा नेऊ शकत नाही. चांगल्या ताट्यांचा कूलर दोन पाऱ्यांतल्या अंतराचा तीन चतुर्थांश भाग कापतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी तीन वाजता आमच्या अंगणातल्या सावलीत कोरडा पारा ४४ वर आणि ओला २३ वर होता. कूलरच्या तोंडाशी तापमापक धरला तेव्हा त्याने २८ दाखवले. बाहेर ४४ आणि अंगावर येणारी हवा २८, आणि तीही रणरणीत कोरडी नव्हे, नाकातोंडाला सुखावणारी, साठ-पासष्ट टक्के ओलाव्याची. सत्तरी ओलांडलेल्या बाबांना एसीच्या खोलीत घसा कोरडा पडण्याचा त्रास होतो, तो इथे कधीच झाला नाही.

हे आकडे मिळण्यासाठी कूलर खिडकीच्या बाहेर असावा लागतो आणि समोरची खिडकी किंवा दार हातभर उघडे ठेवावे लागते. हा मुद्दा मी जरा आग्रहाने मांडते, कारण निम्मी घरे इथेच चुकतात. खोलीच्या आत कूलर ठेवून दारे-खिडक्या बंद केल्या की पहिली वीस मिनिटे छान वाटते, नंतर कूलर आपलीच ओली हवा पुन्हा ओढू लागतो, भिंतींना दमट वास येतो, उशीचे अभ्रे ओलसर लागतात आणि माणसे कूलरला दोष देतात. आमच्याकडे पहिल्या वर्षी आईने एसीच्या सवयीने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. मी पूर्वेची खिडकी उघडली तेव्हा ती म्हणाली, ‘‘अगं, थंडावा सगळा बाहेर जाईल.’’ अर्ध्या तासाने तिने स्वतःच दुसरे दारही किलकिले केले. कूलर सावलीत असणेही तितकेच महत्त्वाचे. पश्चिमेच्या उन्हात तापणारा पत्रा टाकीतले पाणीही तापवतो आणि ताट्याही लवकर कडक होतात.

ताट्यांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण कूलरचा जीव त्यांत आहे. लाकडाच्या सालपटांच्या, म्हणजे बोलण्यातल्या ‘गवताच्या’, ताट्या दरवर्षी बदलाव्या लागतात. आमच्या कूलरच्या तीन ताट्यांना आठ वर्षांत दर मोसमाला तीनशे ते साडेचारशे रुपये लागले. नव्या ताट्या लावल्या की पहिल्या संध्याकाळी टाकीतले पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस होते आणि घरभर ओल्या लाकडाचा वास दरवळतो. हे पाणी दोनदा काढून टाकावे, नाहीतर ते पंपाच्या जाळीत चिकट थर धरते. दुसरी खोड अशी की पंधरा-वीस दिवसांत भिजलेले गवत स्वतःच्या वजनाने खाली बसते आणि चौकटीच्या वरच्या कडेला चार बोटे फट पडते. ती बाहेरून दिसत नाही. तिच्यातून बिनभिजलेली तापली हवा थेट आत शिरते आणि कूलर ‘म्हातारा झाला’ असे वाटू लागते. जाळी उघडून वरच्या बाजूला मूठभर गवत कोंबले की तो पुन्हा तरुण होतो. पाण्याच्या नळीची छिद्रेही क्षारांनी बुजतात. तळहात ताटीवरून वरून खाली फिरवावा, जिथे कोरडे लागेल तिथल्या छिद्रात सुई घालावी.

मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या ज्या तपकिरी ताट्या हल्ली मिळतात, ज्यांना सगळे हनीकोंब म्हणतात, त्या नीट जपल्या तर तीन-चार वर्षे टिकतात, खाली बसत नाहीत आणि हवेला चांगल्या भिजवतात. मात्र बोअरच्या जड पाण्यावर त्या चालवल्या तर त्यांच्या पन्हाळ्यांत पांढरा दगडी थर बसतो आणि तो घासून निघत नाही, घासावे तर ताटीच फाटते. नळाचे पाणी असणाऱ्यांनी हनीकोंब घ्यावे, बोअरवर अवलंबून असणाऱ्यांनी स्वस्त गवत घेऊन दरवर्षी बदलावे, असे माझे मत आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीमुळे बाजार बंद होता आणि नव्या ताट्या मिळाल्या नाहीत, तेव्हा जुन्या ताट्या गच्चीवर झटकून, उन्हात वाळवून, उलट्या बाजूने लावल्या. काम निभावले, पण वास आला आणि झोतातले तापमान आदल्या वर्षीपेक्षा दोन अंशांनी चढेच राहिले.

आता या कूलरचा सगळ्यात गंभीर दोष, ज्याच्यासाठी मी त्याला पूर्ण गुण कधीच देणार नाही. पत्रा, पाणी आणि वीज या तिन्ही गोष्टी एकाच पेटीत आहेत. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात आणि त्यांत ओल्या पायांनी खेळणारी लहान मुले असतात. २०२१ च्या मे महिन्यात आई नळीने टाकी भरत असताना तिच्या हाताला झटका बसला. पायांत रबरी चपला होत्या म्हणून ती वाचली. पंपाच्या वायरचे वेष्टण पाण्यात मऊ होऊन चिरले होते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक संताप आणणारे होते. ज्या तीन पिनांच्या सॉकेटवर आम्ही चार वर्षे विसंबून होतो, त्याच्या अर्थिंगची वायर भिंतीच्या आत कशालाच जोडलेली नव्हती. वायरिंग करणाऱ्याने पैसे तर अर्थिंगचेही घेतले होते. त्यानंतर आम्ही अर्थिंगचा खड्डा नव्याने करवून घेतला आणि मीटरजवळ ३० मिलीअँपियरचे आरसीसीबी बसवले, जे गळतीचा प्रवाह जाणवताच क्षणार्धात वीज तोडते. तो खर्च कूलरच्या किमतीच्या जवळपास गेला. तरी मी म्हणेन की पत्र्याचा कूलर घेताना हा खर्च किमतीतच धरावा. तो परवडत नसेल, तर प्लास्टिकच्या पेटीचा कूलर घ्यावा. प्लास्टिकची पेटी स्वतः वीज वाहून नेत नाही, म्हणून घरात लहान मुले असतील तर ती अधिक सुरक्षित, जरी पंप आणि पाणी तिथेही तेच असते. पेटी कोणतीही असो, पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून काढूनच नळी हातात घ्यावी. आमच्याकडे आता टाकीला तरंगता व्हॉल्व्ह लावून नळ जोडला आहे, त्यामुळे हात घालण्याची वेळच येत नाही.

गंज हा दुसरा दोष. टाकीच्या कोपऱ्यांना तिसऱ्याच वर्षी तांबेरा चढला. दरवर्षी मार्चमध्ये टाकी तारेच्या ब्रशाने घासून आतून डांबराचा हात द्यावा लागतो आणि तो दोन दिवस वाळू द्यावा लागतो. सहाव्या वर्षी तळाचा पत्रा बदलावा लागला, तो त्याच कारागिराने सातशे रुपयांत बदलून दिला. कंपनीच्या कूलरच्या टाकीला तडा गेला असता तर पूर्ण पेटीच भंगारात गेली असती, हेही इथे नोंदवायला हवे. आवाजही मोठा आहे. कूलर सुरू असताना शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारून उपयोग नसतो, उठून जावे लागते. आईबाबांना मात्र त्या घरघरीची इतकी सवय झाली आहे की रात्री वीज गेली की ती दोघे उकाड्याने जागी होण्याच्या आधी शांततेनेच जागी होतात.

डासांविषयी दोन वाक्ये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी रिकामी करून, पुसून, कोरडी ठेवावी. पावसाळ्यात कूलर न झाकता तसाच उभा ठेवणाऱ्या घरांपासून सगळ्या गल्लीला धोका असतो.

खर्चाचा हिशेब विजेचा आणि पाण्याचा असा वेगवेगळा मांडावा लागतो. पंखा आणि पंप मिळून सव्वादोनशे वॅटच्या आसपास वीज लागते. दिवसाला दहा तास चालवला तरी सव्वादोन युनिट होतात. दीड टनाचा एसी तेवढ्याच वेळात, नागपूरच्या मेमध्ये, सहज दहा-बारा युनिट घेईल. पाणी मात्र दिवसाला सव्वाशे-दीडशे लिटर जाते. आमच्या भागात नळाला रोज पाणी येते म्हणून हे चालून जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, आणि आजही मराठवाड्यात कित्येक गावे टँकरची वाट पाहतात. जिथे पिण्याच्या घागरी मोजून भरल्या जातात, तिथे दीडशे लिटर पाणी हवेत उडवणारे यंत्र वापरा असे मला म्हणवत नाही, जरी तिथली कोरडी हवा त्याला सर्वाधिक अनुकूल असली तरी.

इथवरचे सगळे मृग लागेपर्यंतचे. सात-आठ जूननंतर ढग येतात, एक-दोन वळवाच्या सरी पडतात, पारा ३७-३८ वर उतरतो आणि तरीही माणसे मेपेक्षा अधिक हैराण होतात. हवा गदमदते, घाम येतो पण वाळत नाही. या दिवसांत नागपूरकर कूलर सोडत नाहीत, कारण तीन महिन्यांची सवय असते, आणि मग घर सर्दट होते. दोन बटणे वेगळी असल्याचा उपयोग इथे होतो. पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. रात्री बाहेरची हवा उतरलेली असते आणि अठरा इंची पंखा ती मोठ्या प्रमाणावर आत ढकलतो. कंपन्यांच्या काही नव्या कूलरांत पंखा लावला की पंपही आपोआप चालू होतो. असा कूलर घेऊ नये.

आता डोंबिवली. २०२२ च्या एप्रिलमध्ये आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी मी एका नामवंत कंपनीचा प्लास्टिकचा, ५० लिटर टाकीचा, हनीकोंब ताट्यांचा कूलर घेतला. नागपूरच्या अनुभवामुळे माझा कूलरवर पूर्ण विश्वास होता, आणि ओल्या-कोरड्या पाऱ्याची गोष्ट ठाऊक असूनही मी डोंबिवलीत पारे न लावताच पैसे मोजले, ही चूक माझी. दुकानदाराने मात्र ‘दमट हवेतही चालतो, यात बर्फाचा कप्पा आहे’ असे ठामपणे सांगितले होते आणि हे सांगणे चुकीचे होते. घरी आणल्यावर मी मोजमाप केले. दुपारी कोरडा पारा ३५ आणि ओला साडेअठ्ठावीस. झोतात ३० अंश. म्हणजे यंत्र आपले काम चोख करत होते, दोन पाऱ्यांतल्या अंतराचे तीन चतुर्थांश कापत होते, पण कापायला अंतरच साडेसहा अंशांचे होते. आणि ती तिशीतली हवा जवळजवळ नव्वद टक्के ओलाव्याने भरलेली, अंगावरचा घाम तिच्यात उडणार कसा? आमच्या शरीराचाही कूलर घामाच्या वाफेवरच चालतो. यंत्राने बाहेरून हवा ओली केली की शरीराचा कूलर बंद पडतो. दहा मिनिटांत माझ्या हातांवरची त्वचा चिकट झाली, तासाभराने लाकडी कपाटाचे दार फुगून अडकू लागले आणि आठवड्यात चपलांच्या चामड्यावर पांढरी बुरशी आली.

बर्फाच्या कप्प्याचाही हिशेब करून पाहावा. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, म्हणजे तेवढ्याच पाण्याची वाफ होताना जी उष्णता खर्च होते तिचा जेमतेम सातवा हिस्सा. फ्रिजमधले सगळे ट्रे रिकामे करून दोन किलो बर्फ टाकला, तरी एक टनाचा एसी तीन-साडेतीन मिनिटांत जेवढी उष्णता बाहेर फेकतो तेवढेच काम होते. आणि तो बर्फ करताना फ्रिजने घरातच उष्णता सोडलेली असते ती वेगळीच. हा कप्पा जाहिरातीसाठी आहे.

दमट उष्णतेला आपण कमी लेखतो, कारण आकडा लहान दिसतो. हवामान खात्याच्या निकषातही हा फरक आहे. मैदानी भागात उष्णतेच्या लाटेसाठी किमान ४० अंशांची अट आहे, किनारपट्टीला ३७ अंशांची, आणि दोन्हीकडे सरासरीहून साडेचार अंशांची वाढ पाहिली जाते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला, त्या दिवशी पारा ३८ अंशांच्या आसपास होता. नागपूरच्या माणसाला ३८ म्हणजे फाल्गुन-चैत्रातली दुपार वाटते. भर उन्हात तासन्‌तास बसलेल्या, घाम न वाळणाऱ्या शरीराला ते पुरेसे ठरते. ओला पारा ३५ वर गेला तर निरोगी माणूसही सावलीत बसून फार तास तग धरू शकत नाही असे शास्त्र सांगते, आणि वृद्धांची मर्यादा त्याच्या पुष्कळ खाली येते. म्हणून किनाऱ्यावरच्या घरात वृद्ध माणसे असतील, तर हवेतला ओलावा काढणारे यंत्र, म्हणजे एसीच, लागते. आम्ही शेवटी एका खोलीत एक टनाचा एसी बसवला. तो २७ वर ठेवून छताचा पंखा हळू फिरवला की वीजही आटोक्यात राहते आणि हवाही कोरडी होते. उरलेल्या खोल्यांत समोरासमोरच्या खिडक्या आणि पंखा, आणि रात्री झोपण्याआधी साध्या पाण्याने अंघोळ, एवढ्यावर भागते.

तर खरेदीविषयी विचाराल तर माझे मत असे. नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर, जळगाव या पट्ट्यात मार्चच्या अखेरीपासून मृगापर्यंत, नळाचे पाणी पुरेसे असेल आणि अर्थिंग तपासलेले असेल, तर मापाचा पत्र्याचा कूलर बिनधास्त घ्यावा, पंप आणि पंखा यांची बटणे वेगळी ठेवायला कारागिराला आवर्जून सांगावे, आणि वाचलेल्या पैशांत आरसीसीबी बसवावे. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी तो चालेल, गरज मात्र फार दिवस पडणार नाही. मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा इथे तो घेऊ नये, कोणी कितीही आग्रह केला तरी.

डोंबिवलीचा तो प्लास्टिकचा कूलर दुकानदाराने परत घेतला नाही. ‘बघा ना, एकदा भरलेली टाकी रात्रभर पुरते, पाणी किती कमी लागते’ असे त्याने वर मलाच ऐकवले, आणि ते खरेही होते. सकाळी पाहिले तर टाकी निम्मी भरलेलीच असायची. २०२३ च्या मार्चमध्ये मी तो अमरावतीला शिकायला गेलेल्या भाच्याकडे पाठवून दिला आणि सोबत दोन तापमापक व मलमलची चिंधीही दिली. एप्रिलच्या शेवटी त्याने दुपारी चारचे आकडे कळवले. कोरडा पारा ४२, ओला २२, झोतात २७. खाली त्याने लिहिले होते, ‘‘मावशी, कूलर मस्त चालतो आहे, पण याची टाकी कुठे गळते का बघायला हवे. दुपारी बाराला भरली की साडेचारला कोरडी पडते.’’ मी त्याला फोन करून सांगितले की टाकी गळत नाही, बारा आणि चार अशी दोनदा भरत जा.